गाडीतला माणूस नुसता ओरडत नसतो

‘सायकल शर्यतीतला टीम डायरेक्टर म्हणजे गाडीत बसून रेडिओवर ओरडणारा, पायडल तर रायडरच मारतात,’ असं एकाने लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. खरं काम आदल्या रात्रीच सुरू होतं. वारा कुठून येणार, चढ कितव्या किलोमीटरला, टीमच्या आठ रायडरांपैकी कोणी आधी दमायचं, कोणाला जपायचं. स्वतःची संधी सोडून दुसऱ्यासाठी राबायला एखाद्याला राजी करणं तर सगळ्यात अवघड. १९७६ च्या टूर द फ्रान्समध्ये बेल्जियमचा रायडर व्हान इम्प पिरेनीजच्या डोंगरात हल्ला करायला, म्हणजे वेग वाढवून इतरांना मागे टाकायला, कचरत होता. डायरेक्टर सिरिल गिमारने हट्टाने त्याला पुढे काढलं आणि टूर त्याने जिंकली. गिमार तेव्हा अवघा २९ वर्षांचा!

आणि रेडिओ नसला की काय होतं? टोकियो ऑलिंपिकच्या महिला रोड शर्यतीत रेडिओला परवानगी नव्हती. ऑस्ट्रियाची कीसेनहोफर कधीच पुढे निघून जिंकली होती, पण मागून आलेल्या नेदरलँड्सच्या व्हान व्ल्यूटनने सुवर्ण आपलंच समजून हात उंचावले. वाईट वाटलं बघताना.

मुंबई-पुणे शर्यतीत आपण ‘घाटाचा राजा’ला, म्हणजे बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला, डोक्यावर घेतो, घ्यायलाच हवं. पण घाटाच्या पायथ्याशी त्याला ताजातवाना कोणी पोचवला? मुंबईतल्या क्लबांनी महागड्या चाकांआधी असा जाणता माणूस शोधावा.