वर्तन विश्लेषणाची पदव्युत्तर पदवी पुण्यात सुरू व्हावी का?

मुळाकाठ:

स्वमग्न मुलांसाठी थेरपी केंद्रे आता पुण्याच्या जवळपास प्रत्येक उपनगरात आहेत. कोथरूड, औंध, पिंपळे सौदागर, हडपसर, कोठेही गेले तरी ‘येथे एबीए थेरपी मिळेल’ अशी पाटी दिसते. त्या पाटीमागे काम करणाऱ्या व्यक्तीने एबीए, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण (वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडते ते तपासून वर्तन बदलण्याचे शास्त्र), कोठे, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली शिकले, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. २०२२ च्या अखेरीपर्यंत निदान एक मापदंड तरी होता. अमेरिकेतील बीएसीबी हे १९९८ साली स्थापन झालेले प्रमाणन मंडळ भारतातील विद्यार्थ्यांनाही आपल्या बीसीबीए, म्हणजे प्रमाणित वर्तन विश्लेषकाच्या, परीक्षेला बसू देत असे. १ जानेवारी २०२३ पासून त्या मंडळाने भारतातून येणारे नवे अर्ज स्वीकारणे बंद केले. क्यूएबीए आणि आयबीएओ या संस्थांची प्रमाणपत्रे येथे राहून मिळवता येतात, पण त्यांचा अभ्यास बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर होतो आणि देखरेखही बहुधा दूरस्थच असते.

माझे मत असे आहे की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने किंवा शहरातील एखाद्या स्वायत्त महाविद्यालयाने या विषयाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी सुरू करावी आणि तिचा निम्मा भाग देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचा असावा. आज सर्वत्र चालणारा चाळीस तासांचा अभ्यासक्रम मुळात तंत्रज्ञासाठी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कार्यक्रम मुलाकडून करवून घेणाऱ्या व्यक्तीसाठी, आखलेला आहे आणि त्या तंत्रज्ञाच्या वर एक प्रशिक्षित विश्लेषक असणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे तो वरचा माणूसच बहुतेक ठिकाणी नसतो, त्यामुळे चाळीस तास शिकलेली व्यक्ती मूल्यमापन करते, उद्दिष्टे ठरवते, कार्यक्रम लिहिते आणि तो यशस्वी झाला की नाही याचा निवाडाही स्वतःच देते.

एका केंद्रात मी पाहिलेली नोंद सांगतो. ‘टच नोज’ असे म्हटले की तो मुलगा नाकाला बोट लावत असे. दहापैकी नऊ वेळा बरोबर, म्हणून कौशल्य साध्य झाले असे तक्त्यावर लिहिले होते. घरी आजीने ‘नाक दाखव बरं’ म्हटले तर तो नुसता तिच्याकडे बघत राही. बेअर, वुल्फ आणि रिस्ली या संशोधकांनी १९६८ साली या शास्त्राची जी सात लक्षणे मांडली, त्यांतील एक असे की झालेला बदल अन्य ठिकाणी आणि अन्य माणसांसमोरही टिकला पाहिजे. त्या कसोटीवर तो मुलगा काहीही शिकलेला नव्हता, आणि हे ओळखण्याचे शिक्षण शिकवणाऱ्या व्यक्तीला कोणी दिलेलेच नव्हते.

औंधची आई:

आपली कळकळ समजते, तरीही माझा विरोध आहे. दोन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडलेली व्यक्ती आजच्या दरात काम करणार नाही, आणि आजचा दरच आमच्यासारख्या घरांना जेमतेम पेलतो. मुलाचे वय थांबत नाही. विद्यापीठाची समिती नेमली जाईल, अभ्यासक्रम मंजूर होईल, पहिली तुकडी उत्तीर्ण होईल, तोवर माझा मुलगा मिसरूड फुटलेला असेल.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो पदवी नसलेल्या एका तरुण मुलीचा. पीएमपीच्या बसमध्ये सिग्नल लागला की माझा मुलगा किंचाळायचा आणि किंचाळला की आम्ही त्याच्या हातात मोबाइल द्यायचो. तो शांत असतानाच, बस सुटताना, मोबाइल हातात द्यायचा आणि सिग्नल आला तरी काढून घ्यायचा नाही, असे तिने सुचवले, आणि पुढच्या सिग्नलला काय होते ते पाहायला ती स्वतः आमच्याबरोबर स्वारगेटपर्यंत आली. पालकांना असे शिकवणारी, घरी येणारी, परवडणारी माणसे आधी तयार करावीत. पैसा आणि श्रम तेथे खर्च व्हावेत.

पेठेतली शिक्षिका:

मी विशेष शिक्षणात बी.एड. केलेली, आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असलेली शिक्षिका आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार आमच्या पात्रतेची नोंद होते आणि गैरवर्तन झाले तर तक्रार करण्यासाठी एक दार असते. वर्तन विश्लेषक हा वर्ग त्या परिषदेच्या नोंदवहीत नाही. मग विद्यापीठाने पदवी दिली, तरी त्या पदवीधरावर अंकुश कोणाचा? वर्तन परिवर्तनाची तत्त्वे आमच्या अभ्यासक्रमातही आहेत. मुलाचे वाचन एकाकडे, बोलणे दुसऱ्याकडे आणि वर्तन तिसऱ्याकडे अशी वाटणी होत गेली की मूल पूर्ण असे कोणालाच दिसत नाही. नव्या पदवीऐवजी नोंदणीकृत विशेष शिक्षकांसाठी एक वर्षाची प्रगत पदविका काढावी.

मुळाकाठ:

अंकुशाचा प्रश्न योग्यच आहे, पण कायद्याचे चित्र तुम्ही म्हणता तितके रिकामे नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांचा गट आहे आणि त्यात वर्तन विश्लेषकाचा स्पष्ट उल्लेख आहे. व्यवसायाला कायद्याने नाव दिले आहे. ते नाव सार्थ करणारे शिक्षण उभे करणे हे विद्यापीठांचे काम आहे.

निळी शाई:

मी स्वमग्न आहे, पुण्यातच वाढले, आणि माझे निदान प्रौढपणी झाले. या चर्चेत आतापर्यंत दर, नोंदणी आणि पदवी यांवर बोलणे झाले, परंतु ज्यांच्यावर हे शास्त्र वापरले जाते त्यांना काय वाटते, हे कोणीच विचारले नाही.

एबीएचा पुरावा म्हणून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासाचा दाखला आजही पालकांना दिला जातो. एकोणीस मुले, आठवड्याला चाळीस तास, आणि त्यांतील नऊ मुले ‘सामान्य’ झाली, एवढेच सांगतात. मुलांची गटवारी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, झाली नव्हती, हे सांगत नाहीत. त्या उपचारात जोरात ‘नाही’ म्हणून ओरडणे आणि मांडीवर चापट मारणे यांचाही वापर होता, हे तर मुळीच सांगत नाहीत. अमेरिकेतील एका निवासी संस्थेत वर्तन सुधारण्याच्या नावाखाली विजेचे धक्के दिले जात होते. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली त्या उपकरणावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली. या शास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा धक्क्यांना ठाम विरोध नोंदवला तो २०२२ मध्ये. इतका उशीर का झाला, हा प्रश्न पहिल्या सत्रात विचारला जाणार असेल, तरच अशा पदवीला अर्थ आहे.

धक्के आणि चापटी पुण्यात नाहीत, असे उत्तर येईल म्हणून आधीच सांगते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, हात हलवू नयेत, शांत बसावे, ही उद्दिष्टे मी येथील केंद्रांच्या तक्त्यांवर वाचली आहेत. हात हलवल्याने कोणाचे काय बिघडते? डोळ्यांत न पाहता मी जास्त नीट ऐकते. स्वतःला दिवसभर झाकून ठेवण्याची किंमत मूल तेव्हा बोलून दाखवत नाही, ती पुढे थकव्यातून आणि खचण्यातून मोजावी लागते. चाळीस तास शिकलेली व्यक्ती हे नकळत करते. दोन वर्षे शिकलेली व्यक्ती तेच अधिक सफाईने, आलेख काढून करील. प्रशिक्षणाची लांबी वाढवून उद्दिष्टांची दिशा बदलत नाही. म्हणून माझा या प्रस्तावाला विरोध आहे.

नोंदवही:

भारतातील अर्ज बंद होण्यापूर्वी मी बीसीबीए झाले आणि सध्या पुण्यात काम करते. निळी शाई यांनी मांडलेला इतिहास खरा आहे आणि तो शिकवला गेलाच पाहिजे. त्यांच्या निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही, कारण चुकीचे उद्दिष्ट नाकारण्याची ताकद शिक्षणातूनच येते. तंत्रज्ञाला जे सांगितले ते तो करतो. ‘हात हलवणे बंद करा’ अशी मागणी आली तर ते वर्तन मुलाला इजा करते का, त्याच्या शिकण्याच्या आड येते का, त्यातून त्याला काय मिळते, हे विचारून ‘हे उद्दिष्ट मी लिहिणार नाही’ असे पालकांना समजावून सांगणे हे विश्लेषकाचे काम आहे. मुलाने मान फिरवली, उठून गेले, तर तो नकार समजून थांबावे, हेही आता या शास्त्रात शिकवले जाते.

अपुऱ्या प्रशिक्षणाने नुकसान कसे होते ते एका उदाहरणाने सांगते. एक सहा वर्षांचा मुलगा टेबलावरचे काम सुरू झाले की स्वतःचा हात चावत असे. शिकवणाऱ्या तरुणाने नोंदीत ‘लक्ष वेधण्यासाठी’ असे लिहिले आणि प्रत्येक चाव्यानंतर त्याला कोपऱ्यातील खुर्चीवर एकटे बसवण्यास सुरुवात केली. चावणे वाढत गेले. आधी काय घडले, मग मुलाने काय केले आणि त्यानंतर काय घडले, अशा तीन रकान्यांत आम्ही नोंदी घेतल्या, तेव्हा अवघड काम समोर आले की चावणे आणि चावल्यावर काम थांबणे, हा क्रम स्वच्छ दिसला. तो कामातून सुटण्यासाठी चावत होता, आणि कोपऱ्यातील खुर्ची म्हणजे त्याला मिळणारी सुटकाच होती. शिक्षा म्हणून जे दिले जात होते, तेच त्याचे बक्षीस ठरत होते. कार आणि ड्युरंड या संशोधकांनी १९८५ साली दाखवलेल्या मार्गाने आम्ही त्याला ‘थांबूया’ म्हणायला आणि त्यासाठीचे कार्ड द्यायला शिकवले, त्याने मागितले की लगेच थांबलो, आणि काम सोपे केले. त्या तरुणाच्या मनात खोट नव्हती. वर्तनाचे कारण तपासण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नव्हते, एवढेच.

बीसीबीएसाठी दोन हजार तासांचे प्रत्यक्ष काम लागते आणि त्यातील किमान पाच टक्के तास वरिष्ठांच्या देखरेखीत जावे लागतात. दुसरा पर्याय पंधराशे तासांचा आहे, त्यात देखरेख दहा टक्के. त्याहून महत्त्वाचा नियम असा की किमान साठ टक्के तास मुलासमोर बसून सराव घेण्यापलीकडचे असावे लागतात, म्हणजे निरीक्षण, मूल्यमापन, आलेखांचे वाचन, कार्यक्रम लिहिणे, पालकांचे आणि सहकाऱ्यांचे प्रशिक्षण. पुण्यातील पदवीने मंडळाचे नाव घेऊ नये, पण हा साठ टक्क्यांचा नियम जसाच्या तसा घ्यावा.

एमए भाग दोन:

या तासांबद्दलच मला बोलायचे आहे. मी मानसशास्त्राचे एम.ए. करत आहे आणि अनुभव मिळावा म्हणून एका केंद्रात जात होते. ‘तुझे तास मोजू’ असे सांगून मला दिवसभर मुलांसमोर बसवले, मानधन दिले नाही, आणि जिच्या देखरेखीखाली मी काम करत असल्याचे कागदावर लिहिले होते, ती व्यक्ती माझे एकही सत्र पाहायला आली नाही. पदवीत निम्मा भाग प्रत्यक्ष कामाचा ठेवला आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना अशाच केंद्रांकडे पाठवले, तर विद्यापीठ स्वतःच शुल्क घेऊन फुकट मनुष्यबळ पुरवील. देखरेख करणारे पात्र लोक शहरात किती आहेत, याचे उत्तर मिळेपर्यंत मी या पदवीच्या बाजूने नाही.

औंधची आई:

नोंदवही यांचे उदाहरण वाचून घरातले बरेच काही डोळ्यांपुढे आले. तरी माझा प्रश्न शिल्लक आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण आहे, पण नियमित थेरपीचा वर्षभराचा खर्च सर्व त्यात बसत नाही. पदवी काढणाऱ्यांनी विद्यापीठाच्या आवारातच कमी शुल्कात चालणारे केंद्र काढले, तर आम्हाला तिचा उपयोग. एरवी ती आमच्यासाठी नाही.

मुळाकाठ:

विद्यापीठाचे स्वतःचे केंद्र हीच पूर्वअट असावी, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि एमए भाग दोन यांच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला जसे स्वतःचे रुग्णालय लागते, तसे या विभागाला स्वतःचे केंद्र लागेल. विद्यार्थ्यांची प्रत्येक नोंद तेथे विभागातील अध्यापकाने पाहून सही करावी आणि बाहेरच्या केंद्रांतील तास धरूच नयेत. देखरेख करणारे मोजकेच आहेत, म्हणून पहिली तुकडी आठ-दहा विद्यार्थ्यांचीच असावी.

पेठेतली शिक्षिका यांच्या पदविकेला मात्र माझा विरोध कायम आहे. एका वर्षात, नोकरी सांभाळून, एकाच मुलावर आधाररेषा (उपायापूर्वीच्या वर्तनाची नोंद) घेणे, उपाय सुरू करणे, थांबवणे, पुन्हा सुरू करणे आणि बदल उपायामुळेच झाला हे दाखवणे, एवढे प्रत्यक्ष काम होत नाही. ते झाले नाही तर हातात फक्त तंत्रांची यादी उरते.

पेठेतली शिक्षिका:

दोन वर्षे नोकरी सोडून शिकणे माझ्यासारख्या किती जणींना शक्य आहे, याचा विचार करावा. पंधरा-वीस वर्षे या मुलांसोबत घालवलेल्या शिक्षिका त्या पदवीच्या बाहेरच राहतील आणि तिथे येतील ती नुकतीच पदवीधर झालेली, मुलांना कधीही न भेटलेली मुले. सायंकाळचे वर्ग आणि आमच्याच वर्गातील मुलांवर केलेले काम ग्राह्य धरणार असाल, तर तीन वर्षांची पदवीसुद्धा मी घेईन.

निळी शाई:

सायंकाळचे वर्ग असोत की दिवसाचे, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत आणि विद्यार्थ्यांचे मूल्यमापन करणाऱ्यांत स्वमग्न प्रौढ असावेत, तेही मानधन घेऊन आणि मताधिकारासह. विद्यार्थ्याने लिहिलेले प्रत्येक उद्दिष्ट मंजूर होण्यापूर्वी आमच्यापैकी एकाने वाचलेले असावे. ही अट प्रस्तावात लिहिली गेली, तर मी पुन्हा येऊन त्याच्या तपशिलांवर बोलेन. तोपर्यंत माझा विरोध नोंदवून ठेवावा.