बाळंतपणात बापाला रजा कशाला, म्हणणाऱ्यांना माझा विरोध

धंतोलीकर (धागाकर्ता)

परवा ऑफिसात एकानं बाळ झालं म्हणून रजा मागितली. साहेब म्हणाले, "बायको माहेरी आहे, सासू सोबतीला आहे, तुझं तिथं काय काम?" सगळे हसले, तोही हसला आणि सोमवारी कामावर हजर झाला. मला हे अजिबात पटलेलं नाही.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पगारी पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत बापासाठी असा कायदाच नाही, सगळं मालकाच्या मर्जीवर. आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. पण बापाच्या नावापुढे शून्य?

ढेकर कसा काढायचा, रात्री तीनचं रडणं भुकेचं की पोटदुखीचं, ताप चढला तर औषधाचे थेंब किती, हे कुणी जन्मतः शिकून येत नाही. आईही ते त्याच रात्री शिकते. तेव्हा बाप घरी नसेल तर तो मागे पडतो तो पडतोच. मग मूल सात वर्षांचं झालं तरी आईला एका लग्नाला एकटीनं जाता येत नाही. ज्याच्या भरवशावर लेकरू दिवसभर ठेवता येतं, त्याला मी बाप म्हणतो. तुमचं मत सांगा.

बुटीबोरी बी-शिफ्ट

भाऊ, तुमच्या ऑफिसात बरोबर असन. मी ठेकेदाराकडं आहो, जितकी हजेरी तितका पगार. पोरगी झाली तवा मी दोन दिवस दवाखान्यात होतो, तिसऱ्या दिवशी शिफ्टले गेलो. काहून? घरी बाळंतीण आहे, तिले दूध-तूप लागते, ते मी कोठून आणू? घरी बसून ढेकर काढला असता तर चूल कोण पेटवली असती?

माये बाबूजी उमरेडच्या कोळसा खाणीत होते. रात्रपाळी करून यायचे, जेवायचे, झोपायचे. त्यायनं आमाले कडेवर घेतलं असन असं मले आठवत नाही. पण तिघा भावंडायची फी एकदाही थकली नाही. तुमच्या हिशोबानं ते बाप नाहीत का? मले हे वाचून लागलं, म्हणून लिहून राहिलो.

मानेवाडा

मी बाई म्हणून थोडं वेगळं सांगते. पहिल्या बाळंतपणात मला नवरा नको होता, आई हवी होती. टाके दुखतात, अंगावर पाजताना रडू येतं, अशा वेळी आईसमोर संकोच नसतो. आमचे हे वर्ध्याला आले, तर खोलीत मी, आई आणि मालिशवाली बाई. हे ओसरीत खुर्ची टाकून बसलेले, आणि घरात जावयाच्या चहापाण्याची धावपळ. त्यांची सगळी रजा तिथंच संपली.

खरी गरज पडली ती मी नागपूरला परत आल्यावर. घरात तिसरं माणूस नाही, मे महिना, आणि बाळ यांच्याकडे गेलं की किंचाळायचं. मग साडेतीन महिन्यांच्या लसीला मी यांना मुद्दाम एकट्यानं पाठवलं. सिस्टरनं पहिला प्रश्न केला, "आई कुठाय?" पण परत आले ते सगळं विचारून: सुई दिली ती मांडी चोळायची नाही, ताप आला तर काय करायचं, पुढची लस नवव्या महिन्यात. त्या दिवसापासून लसीचं कार्ड यांच्याकडेच आहे. म्हणून रजा हवीच, पण बाळंतपणात नाही, माहेराहून आल्यावर.

धंतोलीकर

ताई, हे फार महत्त्वाचं बोललात. केंद्राच्या नियमात ती रजा जन्मापासून सहा महिन्यांच्या आत कधीही घेता येते, तेवढ्यात घेतली नाही तर मात्र बुडते. सरकारी नोकरीतल्या वाचकांनी ती बारशात खर्च करू नये.

अजनीचे आजोबा

आमच्या वेळी रजा नव्हती आणि कुणाचं अडलंही नाही. घरात आत्या होती, काकू होती. बाप लागतो तो पुढे. पोरगं दहावीत उनाडायला लागतं, वाईट संगत लागते, तेव्हा बापाची नजर पुरते. लंगोट बदलणाऱ्या बापाची ती नजर राहत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल मीच सजवतो, बोजारा, म्हणजे बैल दाखवून पोरांना मिळणारे पैसे-खाऊ, मागायला त्याच्यासोबत घरोघरी मीच हिंडतो. माया कमी नाही. पण बापाची जागा बापाचीच राहावी.

मानेवाडा

काका, आत्या आणि काकू तुमच्याकडे होत्या. मानेवाड्यातल्या दोन खोल्यांत कोण आहे?

सिव्हिल लाइन्स (वकिली)

कायद्याचं सांगतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई. 'नंतर' याचा अर्थ बाप मेल्यावरच असा नव्हे, बाप जबाबदारी घेत नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९९ मध्ये सांगावं लागलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नावही सरकारी कागदावर आलं. पालकत्वाचा अधिकार बापाला आधी मिळाला, सांभाळायला वेळ कुणी दिला नाही. अजनीच्या काकांना विनंती, नजरेला मान मिळतो तो आधी हात लागलेला असतो म्हणून. कौटुंबिक न्यायालयात मुलाचा ताबा मागणारे बाप मी पाहतो. मुलाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे काहींना सांगता येत नाही, आणि तिथं ते खरोखर रडतात.

धंतोलीकर

बुटीबोरीच्या भाऊंना: तुमच्या बाबूजींबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि माझं वाक्य त्यांना लागू होईल असं लिहायला नको होतं. पण रात्रपाळीहून आलेल्या माणसाला लेकराला कडेवर घ्यायचं त्राण उरलं नाही, हे त्यांचंही नुकसानच ना? माझी मागणी तुमच्यासाठीच जास्त आहे. पगारी रजा, कायद्यानं, ठेकेदाराच्या माणसालाही.

बुटीबोरी बी-शिफ्ट

आता बोलले तुमी कामाचं. पण ऐका, आज आमच्याकडं आजारपणाचीही हजेरी कापते. कायदा आला तरी ठेकेदार म्हणन, "रजा घे, पुढच्या महिन्यात दुसरा माणूस लावतो." मंग मी रजा मागीन का? रजेसंगं नोकरी टिकन हेही लिहून घ्या, तवा मी तुमच्या बाजूनं.