सॉफ्टनर घ्यावा की पिण्याचा फिल्टर? सल्ला हवा

गढूळ:
बोअरचं पाणी आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर 780 दाखवतो. गीझरच्या कॉइलवर क्षाराचे थर, शॉवरची भोकं बुजलेली, साबणाला फेस नाही. घरात पाच माणसं, टाकी गच्चीवर. एक प्लंबर सॉफ्टनर बसवा म्हणतो, दुसरा मोठा आरओ (बारीक पडद्यातून क्षार गाळणारा फिल्टर) घ्या म्हणतो. एकच घ्यायचं तर कोणतं? पाइपला लावायची चुंबकाची उपकरणं उपयोगी पडतात का?

नळदुरुस्ती:
तुम्ही लिहिलेल्या तक्रारी सगळ्या वापरायच्या पाण्याच्या आहेत. त्यावर उपाय सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा (हार्डनेस, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) काढणारं यंत्र. स्वयंपाकघरातला आरओ तासाला दहा-पंधरा लिटर देतो, त्यावर आंघोळी आणि धुणं होत नाही. कँडल, यूएफ (गाळ-जंतू अडवणारा पडद्याचा फिल्टर), यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा), कार्बन यांतलं काहीही कॅल्शियम-मॅग्नेशियम काढत नाही, कारण ते विरघळलेले असतात. चुंबकानेही हार्डनेस कमी होत नाही. चुंबक लावण्याआधी आणि नंतर पाणी तपासा, आकडा तोच येईल.

पण सॉफ्टनर म्हणजे पाणी शुद्ध करणारं यंत्र नव्हे. त्याने जंतू मरत नाहीत, नायट्रेट-फ्लोराइड निघत नाही.

प्रयोगशाळा:
खरेदीआधी तपासणी करा. टीडीएसवरून हार्डनेस कळत नाही. 780 टीडीएसच्या पाण्यात हार्डनेस 150 मिग्रॅ/लिटर असू शकतो, 500 सुद्धा. थेंबांचं हार्डनेस किट घरी वापरता येतं: मोजलेल्या पाण्यात बफर आणि रंगद्रव्य घातलं की पाणी लालसर होतं, मग स्वच्छ निळं होईपर्यंत एकेक थेंब मोजत टाकायचा. शेवटी जांभळट छटा येते तिथे थांबू नका, आकडा कमी येतो. लोह, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि कोलिफॉर्म (सांडपाणी मिसळल्याची खूण मानले जाणारे जंतू) मात्र प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या. लोह 0.3 मिग्रॅ/लिटरच्या वर असेल तर आधी लोह काढणारा फिल्टर लावा, नाहीतर सॉफ्टनरमधल्या रेझिनवर (हार्डनेस धरून ठेवणारे मणी, ते मिठाच्या पाण्याने ताजे करतात) तांबडा थर बसतो आणि मिठाने तो निघत नाही.

गढूळ:
रिपोर्ट आला. हार्डनेस 420, लोह 0.1, पीएच 7.4. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक मर्यादेत. कोलिफॉर्म आढळले. सॉफ्टनर केवढा लागेल?

नळदुरुस्ती:
विक्रेत्याला 'किती बाथरूमसाठी' असं विचारू नका, 'रेझिन किती लिटर' ते विचारा. हिशोब असा:

माणशी 120 लिटर धरले तर रोज 600 लिटर. 600 × 420 = 2,52,000 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 252 ग्रॅम हार्डनेस काढायचा. लिटरभर रेझिनमागे 120 ग्रॅम मीठ वापरलं तर साधारण 45 ग्रॅम हार्डनेस निघतो. 25 लिटर रेझिनची क्षमता झाली 1,125 ग्रॅम. साडेचार दिवसही पुरत नाही, म्हणून चौथ्या दिवशी रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन ताजं करणं. दर वेळी 3 किलो मीठ, महिन्याला 20 ते 25 किलो. हे ओझं वाहायची तयारी आहे का, ते आधी ठरवा. बहुतेक सॉफ्टनर मीठ न घातल्यामुळेच बंद पडलेले असतात.

हार्डनेस शून्यावर आणायची गरज नाही. बायपासचा (सॉफ्टनर टाळून पाणी नेणाऱ्या लाइनचा) व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून मिश्रण 70-80 वर ठेवा. मीठही वाचतं आणि आंघोळीनंतर अंग बुळबुळीत लागत नाही.

रिजनरेशनचा क्रम: दहा-पंधरा मिनिटं उलट्या दिशेने धुणं, सुमारे 10 टक्के मिठाचं पाणी अर्धा तास सावकाश सोडणं, हळू धुणं, शेवटी जोरात धुणं. बिघाड जास्त करून मिठाच्या पाण्याच्या टप्प्यात होतो. ते भराभर गेलं तर रेझिन अर्धवटच ताजं होतं. जाड, स्वच्छ, आयोडीन नसलेलं मीठ घ्या. बारीक मिठाची टाकीत कडक पापडी धरते. वरून टाकी भरलेली दिसते, खाली पोकळी असते आणि पाणी खारट होतच नाही. अधूनमधून लाकडी दांडक्याने तळापर्यंत टोचून बघा.

तोटी:
जोडणीबद्दल. ऑटोमॅटिक व्हॉल्व्हला साधारण दीड ते दोन बार दाब लागतो. गच्चीवरची टाकी नळाच्या 10 मीटर वर असेल तेव्हा कुठे 1 बार मिळतो. तीन-चार मीटरवर इंजेक्टर (मिठाचं पाणी आत खेचणारा भाग) मीठ ओढतच नाही आणि दोष सॉफ्टनरला दिला जातो. प्रेशर पंप लावा, किंवा टाकीत चढणाऱ्या लाइनवर सॉफ्टनर बसवा. मग पंपाचा प्रवाह सॉफ्टनरला झेपतो का तेही पाहा. आधी गाळाचा फिल्टर, तीन व्हॉल्व्हचा बायपास, पुढेमागे नमुन्याच्या तोट्या. बागेचा आणि फ्लशचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढा.

प्रयोगशाळा:
कोलिफॉर्म आले आहेत, तेव्हा पिण्याचं पाणी आजपासून उकळून घ्या. टाकी घासून क्लोरीनने निर्जंतुक करा आणि बोअरच्या तोंडाशी सांडपाणी झिरपतं का ते बघा. नंतर पुन्हा तपासणी.

सॉफ्टनर हार्डनेसच्या जागी सोडियम सोडतो: 100 मिग्रॅ हार्डनेसमागे 46 मिग्रॅ. पूर्ण 420 काढला तर लिटरमागे सुमारे 193 मिग्रॅ सोडियम वाढेल. टीडीएस कमी होत नाही, किंचित वाढतोच. घरात कुणाला मीठ कमी खायला सांगितलं असेल तर हे पाणी थेट पिऊ नका. तुमच्या रिपोर्टवर पिण्यासाठी कार्बन, यूएफ आणि यूव्ही पुरेल, त्याला सॉफ्टनरच्या आधीची लाइन द्या. 780 ची चव नको असेल तर छोटा आरओ घ्या आणि तो सॉफ्टनरनंतर जोडा. सोडियम मेंब्रेनवर (आरओच्या पडद्यावर) थर धरत नाही, कॅल्शियम धरतं. क्लोरीन वापरत असाल तर मेंब्रेनच्या आधी कार्बन हवाच.

गढूळ:
म्हणजे आधी सॉफ्टनर, पिण्याला वेगळा यूव्ही. रिजनरेशनचं पाणी झाडांना चालेल?

नळदुरुस्ती:
नाही. ते खारं असतं, झाडं जळतात आणि सोडियममुळे माती घट्ट बसते. गटारातच सोडा. शोषखड्डा असेल तर त्याच्या आजूबाजूला झाडं आणि बोअर कुठे आहेत ते पाहून मगच जोडा.