मदत हवी आहे : खारपाणपट्ट्यातील घराला आतून कोणता नैसर्गिक रंग द्यावा?

नमस्कार. आमचे घर अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील एका खेड्यात आहे. यंदा घर आतून रंगवायचे आहे आणि या वेळी भिंतींना नैसर्गिक रंगच द्यावा, असे घरातील सर्वांनी ठरवले आहे. मात्र आमच्या भिंतींवर कोणता रंग टिकेल याबद्दल गवंडी एक सांगतात, रंगारी दुसरे सांगतात आणि दुकानदार तिसरेच सांगतो. म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे. अडचण नेमकी कळावी यासाठी घराची माहिती थोडी विस्ताराने देते.

घराचा मागचा भाग जुना आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू अशी त्याची बांधणी असून त्यात स्वयंपाकघर व सासूबाईंची खोली आहे. तेथे आजवर सारवण आणि पोताराच (मातीच्या पातळ कालवणाचा हात) होत आला आहे आणि त्या भिंतींची फारशी तक्रार नाही. पुढच्या दोन खोल्या विटा-सिमेंटच्या आहेत आणि खरी अडचण तेथे आहे. त्यांचे बांधकाम बोअरच्या पाण्याने झाले. आमच्याकडचे भूजल किती खारे असते, हे अकोला, बुलढाणा आणि अमरावतीच्या वाचकांना सांगायला नको. पावसाळा संपून हवा कोरडी होऊ लागली की जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत भिंतीवर पांढरी भुकटी फुटते, प्लास्टिक पेंट फुगतो आणि पुट्टीसकट त्याचे पापुद्रे सुटतात. दर वेळी आम्हाला आधीपेक्षा महाग आणि अधिक ‘वॉटरप्रूफ’ रंग सुचवला गेला, आणि दर वेळी तो आधीपेक्षा मोठे पापुद्रे धरून निघाला.

नैसर्गिक रंगाचा आग्रह धरण्यामागे हौस नाही. सासूबाईंना दमा आहे. ऑइल पेंटचा वास घरात असेपर्यंत त्यांना ओसरीवर झोपावे लागते. धाकटी मुलगी नुकती रांगू लागली आहे आणि भिंतीचा पापुद्रा दिसला की तिचा हात तिकडे जातो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या दारा-चौकटींवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे, त्यामुळे तीही काळजी मनात आहे.

आणखी एक गोष्ट शहरातील वाचकांना कदाचित लक्षात येणार नाही. भाव मिळेपर्यंत आमचा कापूस पुढच्या एका खोलीत भरलेला असतो, काही वर्षी अगदी उन्हाळ्यापर्यंत. भिंतीला हात लावताच पांढरी भुकटी हाताला येत असेल, तर तीच भुकटी कापसालाही लागणार. सीतादही (कापूस वेचणी सुरू करतानाची शेतातील पूजा) होऊन पहिला वेचा घरात येण्यापूर्वी भिंती पक्क्या वाळलेल्या असायला हव्यात.

माझ्यासमोर सध्या साधा चुना, दुधात घोटलेला चुना, मातीचा पोतारा आणि शेणापासून तयार केलेला बाजारातील रंग असे पर्याय आहेत. यांपैकी खार फुटणाऱ्या भिंतीवर काय चालेल? चुना हाताला लागू नये यासाठी त्यात काय घालावे? गावातील वडीलधारी मंडळी चुन्यात मूठभर मीठ घालण्यास सांगतात, ते आमच्याकडे योग्य ठरेल का? जुना प्लास्टिक पेंट पूर्ण काढणे आवश्यक आहे का? आणि डब्यावर ‘नैसर्गिक’ असे छापलेले असताना तो रंग खरोखर कशाचा बनला आहे, हे ग्राहकाने कसे पाहावे?

प्रतिसाद, वर्धा जिल्ह्यातून

ताई, आपण माहिती नीट दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मी चुना आणि मातीच्या बांधकामाचे काम करतो. माझे पहिले सांगणे असे, की रंग निवडण्याआधी भिंतीतील ओल कोठून येते ते पाहावे. प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव साचले तर ओल आतून येत आहे. जोत्यात ओलरोधक थर नसेल, न्हाणीचे पाणी पायथ्याशी मुरत असेल किंवा बाहेरची जमीन भिंतीला लागून चढली असेल, तर कोणताही रंग त्या ओलीला रोखू शकणार नाही. पाणी दूर काढून देणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम आहे.

आपले पापुद्रे का सुटतात, तेही यातूनच समजते. पाण्यात विरघळलेला क्षार ओलीबरोबर भिंतीच्या पृष्ठभागाकडे येतो. पाणी उडून जाते आणि क्षाराचे स्फटिक मागे राहतात. प्लास्टिक पेंटचा बंद पडदा असेल तर हे स्फटिक पडद्यामागे वाढतात आणि त्याला पुट्टीसकट बाहेर ढकलतात. म्हणून आपल्या भिंतीला वाफ बाहेर जाऊ देणारा थर हवा, आणि त्या दृष्टीने चुन्यासारखा दुसरा रंग नाही. विरी गेलेला, म्हणजे पाण्यात भिजवून विझवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचे रूप धरतो, त्याला वास नसतो, आणि ताजा असताना तो इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही. क्षार मात्र त्यातूनही बाहेर येईल. फरक इतकाच, की तो कोरड्या ब्रशने झाडून टाकता येईल आणि खालच्या पट्ट्यावर वर्षातून एक हात फिरवला की काम भागेल. झाडलेली भुकटी गोळा करून घराबाहेर टाकावी. भिंत पाण्याने धुतली तर तोच क्षार परत आत जातो.

मीठ अजिबात घालू नका. मीठ हवेतील ओलावा धरते, त्यामुळे चुना सावकाश वाळून घट्ट बसतो, आणि गोड्या पाण्याच्या गावांत म्हणूनच ती पद्धत रूढ झाली असावी. आपल्या भिंतीत क्षार आधीच मुबलक आहे. त्याच कारणाने चुना बोअरच्या पाण्यात न भिजवता नळयोजनेच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात भिजवावा.

प्लास्टिक पेंट आणि पुट्टी पूर्ण काढावीच लागेल, कारण त्यांवर चुना धरत नाही. त्यातही कमरेपर्यंतचा सिमेंटचा गिलावा खरवडून तेथे एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू असा गिलावा करता आला, तर निम्मी अडचण दूर होईल. खर्च वाढतो हे खरे, परंतु दर दोन वर्षांनी पापुद्रे काढण्याच्या मजुरीशी तो ताडून पाहावा. नंतर कळीचा चुना (भट्टीतून निघालेला, अजून पाणी न लागलेला) घ्यावा आणि तो नेहमी पाण्यात थोडा थोडा सोडावा, ढेकळांवर पाणी ओतू नये, कारण मिश्रण उकळून अंगावर उडते. थंड झाल्यावर कापडातून गाळून एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी या प्रमाणात दुधासारखा पातळ करावा. आधी भिंत ओलवून घ्यावी आणि एका दिवसाच्या अंतराने किमान तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर त्याला तडे जातात आणि हाताला येणारी भुकटी बहुतेक त्याच थराची असते. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय हे काम कोणी करू नये. चुना डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धूत राहावे, लगेच दवाखाना गाठावा आणि रांगणाऱ्या मुलीला त्या दिवसांत खोलीपासून दूर ठेवावे.

कमरेच्या वर चुन्यात दुधाचा अंश घातला तर तो चांगला घट्ट होतो. साय काढलेले दूध दह्याने किंवा लिंबाने फाडावे, चोथा धुऊन घ्यावा आणि चुन्याच्या लगद्यात घोटावा. त्याचा खळीसारखा चिकट द्रव होतो. तो त्याच दिवशी संपवावा. खालच्या ओल्या पट्ट्यावर मात्र दूध वापरू नये, कारण ओल आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की कालांतराने बुरशी धरते. कापसाच्या खोलीत तुराट्यांचे ताटवे भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे करावेत. भुकटीप्रमाणेच भिंतीची ओलही कापसाला लागणार नाही.

मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट कधीही देऊ नका. सेवाग्रामच्या बापू कुटीच्या मातीच्या भिंती १९३० च्या दशकापासून उभ्या आहेत. आपला पोतारा तेथे योग्यच आहे.

प्रतिसाद, भंडारा जिल्ह्यातून

वरील दादांनी शेणाच्या रंगाविषयी लिहिले नाही, म्हणून तेवढीच भर घालते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा ‘खादी प्राकृतिक पेंट’ १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते बाजारात आला. तो जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत विकसित झाला. ज्या जे. सी. कुमारप्पांचे नाव त्या संस्थेला आहे, त्यांचे ग्रामोद्योगाचे काम आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत उभे राहिले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. सुरुवातीला डिस्टेंपर १२० रुपये लिटर आणि इमल्शन २२५ रुपये लिटर असा दर होता. शिसे, पारा, क्रोमियम, आर्सेनिक, कॅडमियम त्यात नसल्याचे आयोग सांगतो. तरीही आपल्या खालच्या पट्ट्यावर मी तो सुचवणार नाही. कमरेच्या वर, पक्क्या आणि कोरड्या गिलाव्यावर डिस्टेंपर घेऊन पाहावा. कोणत्याही डब्याबाबत विक्रेत्याला बंधक (रंग भिंतीला धरून ठेवणारा घटक) कशाचा आहे, व्हीओसीचे (हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांचे) प्रमाण किती आहे आणि टिकण्यासाठी कोणते बुरशीनाशक घातले आहे, हे विचारावे. शेण, माती किंवा कडुनिंब यांचा उल्लेख असूनही बंधक ॲक्रिलिकचा असू शकतो.

चुन्याला छटा हवी असल्यास गेरू, पिवडी अशा खनिज मातीच घ्याव्यात. हळद चुन्यात लाल होते आणि उन्हाने उडते. पळसाच्या फुलांचा रंगही भिंतीवर टिकत नाही.

दारांचा जुना रंग कोरडा घासू नका. लाकूड ओले करून घासावे, धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि त्या वेळी मुलांना घरात ठेवू नये. नंतर घाणीचे कच्चे जवसाचे तेल पातळ चोळावे. ते वाळायला वेळ लागतो, परंतु दुकानातील ‘उकळलेल्या’ तेलात बहुधा ते लवकर वाळवणारी धातूंची संयुगे असतात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. कापूस असलेल्या घरात तर ती पाण्यात बुडवूनच टाकावीत.

धागाकर्तीचे उत्तर

दादा आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. फडक्यांची सूचना आमच्या घरासाठी फार मोलाची आहे. प्लास्टिकचा तुकडा लावून पाहिला आणि दव भिंतीच्याच बाजूला साचले. न्हाणीचे पाणी परसातील लांबच्या शोषखड्ड्यात सोडण्याचे काम आता आधी करणार आहोत. खालचा गिलावा या वर्षी फक्त कापसाच्या खोलीत बदलता येईल, दुसऱ्या खोलीचा पुढच्या हंगामानंतर. वरच्या भागाला दुधात घोटलेला चुना आणि त्यात थोडी पिवडी देण्याचे ठरले आहे.

आता एवढेच विचारायचे राहिले आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा अकोट भागात भट्टीचा ताजा कळीचा चुना कोठे मिळतो? बाजारात बहुतेक ठिकाणी पिशवीतील भुकटीच दिसते आणि ती किती जुनी आहे हे कोणी सांगत नाही. तसेच चुन्याचा गिलावा हाताने केलेला एखादा गवंडी आपल्या परिचयाचा असल्यास येथे केवळ गावाचे नाव लिहावे, आम्ही तेथे जाऊन भेटू.