रेपो सिंक दरवेळी क्लँगवर येऊन तुटतंय (लिनिएजओएस २२.२, पोको एफ१), मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पोको एफ१ साठी लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त प्रणाली) घरीच सोर्सकोडपासून बिल्ड करायचं ठरवलंय. फोन अजून धडधाकट आहे, पण त्याला मिळालेलं शेवटचं मोठं अधिकृत अपडेट अँड्रॉइड १० चं. तयार रॉम मिळतो हे ठाऊक आहे. मला कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) थोड्या काड्या करायच्यात, म्हणून सोर्सच पाहिजे.

उबुंटू २२.०४, ३२ जीबी रॅम, सोर्ससाठी वेगळी १ टीबी एसएसडी, एक्सट४ फॉरमॅट. मुक्काम अंबाजोगाई. घरी केबलवाल्याचं फायबर आहे, दिवसा बरं चालतं, संध्याकाळी रामभरोसे. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राउटर मात्र लगेच मान टाकतो.

रेपो (ढीगभर गिट प्रोजेक्टांचा सोर्स एकत्र उतरवणारं साधन) वापरतोय. इनिट नीट झालं. सिंकमध्ये बहुतेक प्रोजेक्ट उतरतात आणि 'प्रीबिल्ट्स/क्लँग/होस्ट/लिनक्स-एक्स८६' वर (क्लँग कंपायलरचा प्रोजेक्ट) येऊन गाडी अडते. टर्मिनलवर हे येतं:

एरर: आरपीसी फेल्ड, कर्ल ९२ एचटीटीपी/२ स्ट्रीम ५ वॉज नॉट क्लोज्ड क्लीनली: कॅन्सल
फेटल: अर्ली ईओएफ
फेटल: इंडेक्स-पॅक फेल्ड

कधी कधी हे सोडून वेगळंच, ४२९ आणि 'रिसोर्स एक्झॉस्टेड', तेही एकदम पाच-सहा प्रोजेक्टांवर.

एचटीटीपी.पोस्टबफर ५२४२८८००० करून पाहिलं (जिथं शोधावं तिथं हाच उपाय लिहिलेला), काडीचा फरक नाही. जे-१६ (एकाच वेळी सोळा कामं) वरून जे-४ वर आलो. एक मित्र म्हणतो डॉट रेपो फोल्डरच (उतरलेला डेटा यातच साठतो) उडव आणि पहिल्यापासून कर. एवढा डेटा परत ओढायची छाती होईना.

दोष लाइनचा आहे की सर्व्हरचा? आणि उतरलेलं वाचवून पुढं कसं जायचं?

---

प्रतिसाद, लातूरहून:

भाऊ, डॉट रेपोला हात लावू नका! रेपो प्रोजेक्टनिहाय काम करतं. जे पूर्ण उतरलं ते उतरलं, पुढच्या सिंकला ते फक्त नवीन काय आलंय तेवढं बघतं. अडचण एका प्रोजेक्टच्या आत आहे. गिटला पॅक (प्रोजेक्टचा एकत्र बांधलेला डेटा) अर्ध्यातून पुढं चालू करता येत नाही. ९५ टक्क्यांवर तुटलं तरी परत शून्यापासून. क्लँगचा पॅक कित्येक जीबींचा, म्हणून तुमची कमकुवत लाइन नेमकी तिथंच उघडी पडते.

पोस्टबफरचा सल्ला लोक डोळे झाकून देतात. ते सेटिंग तुमच्याकडून सर्व्हरकडं जाणाऱ्या डेटाचं आहे, म्हणजे पुश करताना. खाली उतरवताना त्याचा संबंध नाही. काढून टाका.

कर्ल ९२ साठी आधी हे करा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल एचटीटीपी.व्हर्जन एचटीटीपी/१.१

मग पूर्ण सिंक न लावता तेवढा एकच प्रोजेक्ट मागा: रेपो सिंक -सी -जे१ --फेल-फास्ट आणि पुढं क्लँगचा पाथ. पहाटे लावा. राउटरला छोटा डीसी यूपीएस घ्या राव, लाइट गेली-आली एवढ्यात कनेक्शन तुटतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

आणखी एक. डॉट रेपोमधल्या प्रोजेक्ट-ऑब्जेक्ट्समध्ये क्लँगचं फोल्डर शोधा आणि त्याच्या ऑब्जेक्ट्स/पॅकमध्ये डोकावा. 'टीएमपी_पॅक' नावाच्या फायली दिसतील. दर तुटलेल्या प्रयत्नाची एक, जीबी-जीबीच्या. सिंक बंद असताना त्या खुशाल उडवा.

---

प्रतिसाद, नांदेडहून:

वरचं सगळं बरोबर, पण ४२९ चं दुखणं वेगळं आहे, दोन्हींवर एकच औषध नको. ४२९ म्हणजे गुगलचा सर्व्हर म्हणतोय, या आयपीवरून फार मागणी आली, थांबा. केबलवाले बऱ्याचदा अख्ख्या गल्लीला मिळून एकच पब्लिक आयपी देतात. राउटरमध्ये वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अशा वाटून दिलेल्या आयपीच्या मागं आहात.

उपाय असा: गुगलसोर्स डॉट कॉमच्या न्यू-पासवर्ड पानावर आपल्या गुगल खात्यानं लॉगिन करा. तिथं मिळणारी स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये चालवली की होम फोल्डरमध्ये डॉट गिटकुकीज तयार होते. मग गिट कॉन्फिगमध्ये यूआरएल-इन्स्टेडऑफ (एका पत्त्याऐवजी दुसरा वापरायला लावणारं सेटिंग) लावून अँड्रॉइड डॉट गुगलसोर्स डॉट कॉमच्या पुढं '/ए/' येईल असं करा. मग मोजणी आयपीवर न होता तुमच्या खात्यावर होते. ती कुकीची फाइल कुणाला देऊ नका, स्क्रीनशॉटमध्येही नको.

---

प्रतिसाद, परळीहून:

माझ्याकडं लिनिएजओएस २१ चा पूर्ण ट्री (सगळा उतरवलेला सोर्स) हार्ड डिस्कवर पडून आहे. अंबाजोगाई काय लांब नाही, येऊन घेऊन जावा. रेपो इनिटला --रेफरन्स देऊन त्या फोल्डरचा पाथ द्या, ब्रँच वेगळी असली तरी जुना इतिहास तिथूनच घेतला जाईल. फक्त सोबत --डिसोसिएट लावा, नाहीतर माझी डिस्क परत केली की तुमचा ट्री लंगडा पडंल.

---

मूळ धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. वॅन आयपी १०० नंच सुरू होणारा निघाला. '/ए/' लावल्यापासून ४२९ गायब. क्लँगही पहाटेच्या लाइनीवर उतरलं, एचटीटीपी/१.१ वर. टीएमपी_पॅक उडवल्यावर डिस्कवर भरपूर जागा मोकळी झाली. परळीच्या दादा, डिस्कची गरज पडली नाही, पण चहाला येतोच.

आता फक्त एक उरलंय. एका व्हेंडर रिपॉझिटरीवर (फोन कंपनीच्या फायलींचा प्रोजेक्ट) येतं: 'कुड नॉट रीड यूजरनेम फॉर गिटहब, टर्मिनल प्रॉम्प्ट्स डिसेबल्ड'. सार्वजनिक रिपॉझिटरीला यूजरनेम कशाला पाहिजे?

---

प्रतिसाद, लातूरहून:

ती रिपॉझिटरी त्या नावानं तिथं नाहीच, किंवा खाजगी केलेली आहे. गिटहब दोन्ही वेळा सरळ 'नाही' न म्हणता लॉगिन मागतं. लोकल_मॅनिफेस्ट्समधली एक्सएमएल (आपण जोडलेल्या जादा प्रोजेक्टांची यादी) उघडा आणि त्या ओळीतलं नाव ब्राउझरमध्ये टाकून बघा. ४०४ आलं तर नावातलं स्पेलिंग तपासा, ते बरोबर असेल तर रिपॉझिटरी काढलेली किंवा खाजगी केलेली आहे. पान उघडलं तर ती ओळ पुन्हा नीट तपासा. ती एक्सएमएल इथं टाका, बघून सांगतो.