फोटोज लायब्ररी उघडत नाही, डिस्कमधून टक् टक् आवाज येतो. पानशेतच्या आधीचे फोटो त्यात आहेत, कृपया मदत करा

नारायणपेठेची_गच्ची

नमस्कार. जरा घाईची मदत हवी आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझ्याकडे २०१८ चा मॅक मिनी आहे, आतली जागा फक्त १२८ जीबी. सिस्टिम सोनोमा. फोटोज ॲपची लायब्ररी वाढत गेली, ती आत मावेना, म्हणून वर्षभरापूर्वी १ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवली. आता ती ३१० जीबी आहे. तेव्हापासून ती उघडायला वेळ लागायचाच. आधी मिनिटभर, मग तीन-चार मिनिटं. चहा टाकून येईपर्यंत उघडायची, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. नेमकी त्याच वेळी मी नवीन स्कॅन केलेले ३८ फोटो लायब्ररीत घेत होते. लाईट आल्यावर मशीन नीट सुरू झालं, पण फोटोज उघडलं की खिडकी कोरी राहते आणि रंगीत चक्र फिरत बसतं. एकदा पाऊण तास वाट पाहिली. तीन वेळा फोर्स क्विट केलं. मधूनच डिस्कमधून ‘टक्... टक्’ असा आवाज येतो आणि डिस्क नीट इजेक्ट केली नाही असा मेसेज येतो. मी तर तिला हातही लावलेला नसतो.

आता यात काय आहे ते सांगते, म्हणजे मी इतकी का घाबरले ते कळेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. घरातल्या आठ अल्बमपैकी तीन वाचले, तेही चिखलात भिजलेले. सासऱ्यांनी माळ्यावर ठेवलेली फोटोंची एक पत्र्याची पेटी तेवढी कोरडी राहिली. पुढच्या वर्षांतले फोटो धरून मी दोन वर्षांत ४,८०० स्कॅन केले आहेत. भिजलेल्या फोटोंच्या पाठीमागचं शाईचं लिखाण वाहून गेलं, शिसपेन्सिलीने लिहिलेलं तेवढं राहिलं. बाकी सगळी नावं सासूबाईंनी सांगितली. रोज दुपारी जेवणं झाली की मी एकेक फोटो स्क्रीनवर मोठा करायचे, त्या बोट ठेवून सांगायच्या, ‘ही रविवार पेठेतली आक्का, हा तिचा मधला, तो टायफॉइडने गेला’. मी लगेच कॅप्शनमध्ये टाइप करायचे. अशा हजाराच्या वर कॅप्शन आहेत.

सासूबाई आता ८९ वर्षांच्या आहेत. गेल्या दिवाळीपासून त्यांना माणसं ओळखू येतात, पण नावं येत नाहीत. प्रिंट माझ्याकडे आहेत, ते पुन्हा स्कॅन करता येतील. कॅप्शन पुन्हा मिळणार नाहीत.

टाइम मशीन, म्हणजे मॅकचं आपोआप बॅकअप घेणारं, लावलेलं आहे. पण त्यात शोधलं तर ही लायब्ररी दिसतच नाही.

काय करून पाहू? आणि मुख्य म्हणजे, काय करू नको?

कर्वेनगर_डेव्ह

सोपं आहे. फाइंडरमध्ये लायब्ररीवर राइट क्लिक करा, शो पॅकेज कंटेंट्स. आत ओरिजिनल्स नावाचं फोल्डर दिसेल, सगळे मूळ फोटो त्यात असतात. ते बाहेर कॉपी करा, जुनी लायब्ररी डिलीट करा, नवीन बनवा आणि सगळे फोटो पुन्हा इंपोर्ट करा. मी माझ्या मशीनवर असंच केलं होतं, एका संध्याकाळचं काम.

जुना_सिस्टिमवाला

ताई, थांबा. काहीही डिलीट करू नका. आणि फोटोज पुन्हा उघडूही नका.

कर्वेनगर_डेव्ह यांचं म्हणणं मोबाइलच्या फोटोंना ठीक आहे, कारण त्यांची तारीख आणि जागा फाइलच्या आतच असते. तुमचं तसं नाही. ओरिजिनल्स फोल्डर उघडलंत तर ० ते ९ आणि ए ते एफ अशी सोळा फोल्डरं दिसतील आणि आत लांबलचक अक्षर-आकड्यांच्या नावांच्या फाइली. तुमच्या कुठल्याही स्कॅनमध्ये ‘रविवार पेठेतली आक्का’ लिहिलेलं नाही. ते सगळं शेजारच्या डेटाबेस फोल्डरमध्ये फोटोज डॉट एसक्यूलाइट नावाच्या एका फाइलीत आहे. तुम्ही दिलेल्या १९६१ वगैरे तारखाही तिथेच. स्कॅनच्या फाइलीला फार तर स्कॅन केल्याची तारीख माहीत. नुसती ओरिजिनल्स उचललीत तर ४,८०० निनावी फोटो हाती राहतील.

टाइम मशीनचं कारण सांगतो. बाहेरच्या डिस्का ते आपोआप वगळतं. सेटिंगमध्ये वगळलेल्यांची यादी असते, तीतून डिस्क मुद्दाम काढावी लागते. लायब्ररी बाहेर हलवताना हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आता दोन गोष्टी सांगा. एक, डिस्क मशीनला कशी जोडली आहे? थेट की हबमधून? त्याच हबवर आणखी काय आहे? दोन, ती डिस्क काढून ठेवा आणि ऑप्शन बटण दाबून धरून फोटोज उघडा. कोणती लायब्ररी असं विचारेल. तिथे नवीन, रिकामी लायब्ररी बनवा. ती किती वेळात उघडते?

नारायणपेठेची_गच्ची

रिकामी लायब्ररी पाच सेकंदांत उघडली.

डिस्क हबमध्ये आहे. चार तोंडांचा छोटा हब, त्याला वेगळा अडॅप्टर नाही. त्यावर ही डिस्क, स्कॅनर आणि कार्ड रीडर. स्कॅनरलाही अडॅप्टर नाही, तो यूएसबीवरच चालतो. हब जुना आहे, आधीच्या मशीनबरोबर घेतलेला.

तुम्ही लिहिलेलं वाचून पोटात गोळा आला. मी काल रात्री ओरिजिनल्स कॉपी करायला बसणारच होते.

जुना_सिस्टिमवाला

मग ॲप चांगलं आहे. संशय उरतो डिस्कवर, हबवर आणि लाईट गेली तेव्हा अर्धवट राहिलेल्या डेटाबेसवर. तिन्ही असू शकतात.

हबचं आधी बोलू. यूएसबी २ च्या एका तोंडातून ५०० मिलिअँपिअर मिळतात. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर तेवढ्यातच डिस्क, स्कॅनर आणि रीडर यांनी भागवायचं. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना सगळ्यात जास्त ओढ लागते. करंट कमी पडला की ती मंदावते, हेड (डिस्क वाचणारं टोक) जागेवर जातं, पुन्हा फिरायला बघते. तो टक् आवाज याचा असू शकतो, आणि हात न लावता डिस्क ‘निघाली’ असा मेसेजही याचाच. पण असाच आवाज मरायला टेकलेली डिस्कही करते. कोणता ते बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून वाईटातलं वाईट धरून चालायचं.

वेगाचंही तेच. सिस्टिम रिपोर्टमध्ये यूएसबीखाली त्या डिस्कसमोर ४८० लिहिलेलं असेल तर ते मेगाबिट आहेत. प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइट पडतात. आणि लायब्ररी उघडताना एक मोठी फाइल वाचली जात नाही, हजारो छोटे तुकडे डिस्कच्या चार कोपऱ्यांतून गोळा केले जातात. फिरणारी डिस्क असे तुकडे सेकंदाला शंभराच्या आसपासच आणू शकते. तुमची तीन-चार मिनिटं तिथे जात होती.

क्रम असा ठेवा. नवीन एसएसडी (आत काही फिरत नाही अशी, चिपवरची डिस्क) घ्या, १ टीबी. डिस्कवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. नवी एसएसडी बहुधा एक्सफॅट पद्धतीत येते, त्यावर फोटोज लायब्ररी ठेवायची नाही. डिस्क युटिलिटीत ती पुसून एपीएफएस, म्हणजे मॅकची स्वतःची पद्धत, करून घ्या. करताना डावीकडे कोणत्या डिस्कचं नाव निवडलंय ते दोनदा वाचा, आणि त्या वेळी जुनी डिस्क जोडलेलीच ठेवू नका. मग जुनी डिस्क हब सोडून थेट मिनीच्या मागच्या यूएसबीत लावा आणि अख्खी लायब्ररी, उघडून नव्हे, एकाच गोळ्यासारखी एसएसडीवर ओढा. फाइंडरने मध्येच एरर ३६ दाखवली तर तिथेच थांबून मला लिहा. त्याचा अर्थ डिस्कचा काही भाग वाचता येत नाही, मग वेगळ्या तऱ्हेने, आधी चांगला भाग आणि शेवटी खराब, असं वाचावं लागेल.

फर्स्ट एड (डिस्क युटिलिटीतली डिस्कची तपासणी-दुरुस्ती) कॉपीनंतर. रिपेअर तर फक्त कॉपीवर. जुन्या डिस्कवर आता एक अक्षरही लिहिलं जाऊ नये.

एरंडवणे_प्रिंट

वरचं सगळं बरोबर आहे. मी जुने फोटो दुरुस्त करून प्रिंट करून देते, म्हणून स्कॅनबद्दल थोडं. ४,८०० स्कॅनना एवढी जागा लागते म्हणजे तुम्ही ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ४८ बिट कलर, टिफ (न दाबलेली मोठी फाइल) असं करत असणार. चार बाय सहा इंचाचा फोटो म्हणजे २,४०० गुणिले ३,६०० ठिपके, प्रत्येकाला सहा बाइट, म्हणजे एका फोटोला ५२ एमबी. फोटो कृष्णधवल असतील तर १६ बिट ग्रेस्केल करा, तोच फोटो १७ एमबीत येतो. लायब्ररी एक तृतीयांश होईल, उघडेलही पटकन.

नारायणपेठेची_गच्ची

एरंडवणे_प्रिंट, हिशोब अगदी तोच आहे, ६०० आणि ४८ बिट. कोरड्या पेटीतल्या फोटोंना यापुढे ग्रेस्केल करेन. पण पुरातल्या फोटोंना नाही. त्यांच्यावर चिखलाचा तपकिरी ओघळ आहे आणि खालची आकृती काळी-करडी. रंगात स्कॅन केलं की डाग वेगळा ओळखू येतो, ग्रेस्केलमध्ये डाग आणि साडीची सावली एकच होऊन जातात. एका फोटोत तर ओघळाखाली एक बाई उभी आहे हेच मला रंगातल्या स्कॅनवरून कळलं.

एरंडवणे_प्रिंट

हे तुमचं बरोबर. डाग काढायचा असेल तर रंगच लागतो. तेवढे तसेच ठेवा.

नारायणपेठेची_गच्ची

चार दिवसांनी लिहिते आहे. लायब्ररी उघडली.

शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन एसएसडी आणली. भाचा चिंचवडहून आला होता, तो शेजारी बसला आणि मी डिस्कचं नाव मोठ्याने वाचून मगच एपीएफएस केलं. जुनी डिस्क थेट मागे लावली. पहिल्याच मिनिटात फरक कळला. आवाज एकसारखा घूं असा, टक् नाही. कॉपीला एक तास पन्नास मिनिटं लागली. मी तिथून उठले नाही. एरर आली नाही.

मग डिस्क काढून कपाटात ठेवली. ऑप्शन आणि कमांड दोन्ही दाबून धरून एसएसडीवरची लायब्ररी उघडली, रिपेअर करू का विचारलं, हो म्हटलं. पट्टी निम्म्यावर जाऊन वीस मिनिटं हललीच नाही, तेव्हा भाचा बंद करायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. एकूण चाळीस मिनिटांनी फोटो दिसायला लागले. आता लायब्ररी सात सेकंदांत उघडते.

त्या गुरुवारच्या ३८ पैकी ३१ आले, सात आले नाहीत. ते प्रिंट अजून टेबलावरच आहेत.

पहिल्यांदा मी गच्चीचा फोटो शोधला. पूर ओसरल्यावर सासऱ्यांनी काढलेला, दोरीवर धोतरांच्या शेजारी चिमट्यांनी लावलेली हिशोबाची पानं आणि मागे पितळेचे हंडे उपडे. खाली कॅप्शन जसंच्या तसं होतं: ‘उजवीकडे मी, वय २४ किंवा २५. हातात वही आहे ती मामंजींची, पहिलं पान सुटलं होतं.’ सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि हंड्यांवर बोट ठेवलं.

जुना_सिस्टिमवाला, तुम्ही ‘थांबा’ लिहिलंत म्हणून हे उरलं. मनापासून आभार.

आता दोन शंका. कॅप्शन फोटोंच्या बरोबरच राहतील अशी काही सोय आहे का, म्हणजे ती एकाच डेटाबेसवर अवलंबून राहणार नाहीत? आणि जुनी डिस्क पुसून पुन्हा वापरू का?

जुना_सिस्टिमवाला

फार बरं वाटलं वाचून.

सोय आहे. फोटो निवडा, फाइल मेन्यूत एक्सपोर्ट, त्यात एक्सपोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल. तिथे आयपीटीसी (कॅप्शनसारखी फोटोची माहिती) एक्सएमपी म्हणून एक्सपोर्ट करा अशी चौकट असते, तिच्यावर टिक करा. प्रत्येक स्कॅनशेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल पडेल, तीत तुमचं कॅप्शन. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही उघडते आणि दुसरी बरीच फोटोंची सॉफ्टवेअरं वाचतात. आधी दहा फोटोंवर करून बघा, एखादी फाइल उघडून देवनागरी नीट दिसतंय ना ते पाहा, मग शंभर-दोनशेच्या गठ्ठ्यांनी करा. तो संच भाच्याकडे चिंचवडला ठेवा, एकाच घरात दोन्ही नकोत. टाइम मशीनच्या वगळलेल्या यादीतून एसएसडी काढायला विसरू नका, पण त्याआधी टाइम मशीनच्या डिस्कवर तेवढी जागा आहे ना ते बघा.

जुनी डिस्क पुसू नका. आता तिच्यावर फर्स्ट एड चालवायला हरकत नाही, पण ती चांगली निघाली तरी वर्षभर तशीच ठेवा. वर चिठ्ठी लावा, तारीख घालून. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहिलीत तर उत्तम.