मदत हवी आहे: मामेबहिणीला गावातच पोटापाण्याचं काम उभं करून द्यायचंय (ती एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे)

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही, सोलापूर जिल्हा एवढं पुरे.

मामेबहीण ३८ वर्षांची. नवरा ट्रकवर होता, तो गेला त्या वेळी तपासणीत हिचंही निघालं. पोरगा निगेटिव्ह, आता नववीत. एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराचं सरकारी केंद्र) फुकट गोळ्या चालू आहेत, रोज रात्री एकच गोळी, कधी चुकवत नाही, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) इतका कमी की टेस्टमध्ये दिसतच नाही. तब्येतीचं रडगाणं नाहीये, खुरपायला बसली की माझ्या दोन पाती पुढं असते. अडलंय ते कमाईचं.

सासरच्यांनी तेरावं झाल्या झाल्या काढून दिलं. माहेरी येऊन मामी आणि ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायच्या, बरं चाललेलं. मग कुणीतरी तिला गोळ्यांच्या रांगेत बघितलं आणि आठवड्याभरात भाकरी घरात पडून राहायला लागल्या. तोंडावर कुणी काही बोलत नाही हां, 'आज नको गं, कालच्याच आहेत' एवढंच. बचत गटातनं पण असंच गोड बोलून बाजूला केलं. खाण्यापिण्यातनं पसरत नाही हे सगळ्यांना सांगून झालंय, मान डोलावतात आणि भाकरी घेत नाहीत!

म्हणून मला वाटतं जिथं गिऱ्हाईक गावातलं नाही किंवा माल कुणाच्या हातचा हे कुणी विचारत नाही असलंच काम बघावं. शेळ्या डोक्यात आहेत, बोकड घेणारा मालकिणीची फाईल बघत नाही. दुसरं म्हणजे वाकळ/गोधडी, हात चांगला आहे तिचा, मी पुण्यात विकू शकते पण महिन्याला किती खपणार देव जाणे. माझ्याकडे ४० हजार आहेत, ते बुडाले तर परत लगेच जमणार नाहीत.

आणि कागदपत्रांचं पण सांगा. एचआयव्हीवाल्यांना एसटी प्रवासात सवलत आहे, पण कार्ड कंडक्टरला दाखवायचं आणि गाडीत अर्धं गाव बसलेलं! ती आपली बायकांचं अर्धं तिकीट काढून जाते. सरकारच्या निराधार अनुदानाचा अर्ज पण याच भीतीनं केला नाही. आजाराचा दाखला जोडला की तहसीलमधनं गावात यायला कितीसा वेळ.

*

प्रतिसाद, माळरान: ताई, निराधारला आजाराचा दाखला जोडायलाच पाहिजे असं कुठंय? संजय गांधी योजनेत विधवा म्हणून पण बसतात. मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी जोडा, महिना १५०० मिळतात. आजाराचा विषयच काढू नका.

शेळीबद्दल: एकदम दहा घेऊ नका, आमच्याकडे एकानं घेतल्या आणि पावसाळ्यात निम्म्या गेल्या. तीन-चार उस्मानाबादी गाभण घ्या, जुळी बऱ्यापैकी देतात, आपल्या कोरड्या भागात टिकतात. पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस सरकारी दवाखान्यातनं टोचून घ्या, विमा काढा, कानात बिल्ला मारतात. बोकड गावातल्या खाटकाला देऊ नका, सांगोल्याच्या बाजारात न्या नाहीतर बकरी ईदला धरून ठेवा. पहिलं वर्ष हातात काही पडत नाही हे गृहीत धरा, तोवर गोधडी चालू ठेवा. सगळे ४० पहिल्याच दिवशी शेळीत घालू नका.

प्रतिसाद, सातबारा: जमीन होती का नवऱ्याच्या नावावर? असेल तर तिची, पोराची आणि सासूची वारस नोंद व्हायला पाहिजे, तलाठ्याकडे अर्ज करा. आजाराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात बाईला सासरच्या राहत्या घरातनं काढता येत नाही आणि कोर्टात नाव झाकून केस चालवता येते.

धागाकर्ती: माळरान, विधवा म्हणून अर्ज करायचा हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आजच फोन केला, मामी लगेच दाखले शोधायला लागली. सातबारा, दोन एकर आहे, दीर कसतोय. ती म्हणते पोरासाठी नोंद करते पण त्या घरात पाय ठेवणार नाही, बरोबर आहे तिचं. सोमवारी तलाठ्याकडे मी पण जातेय सोबत.

शेळ्या चारच. चारा मात्र उन्हाळ्यात विकत घ्यायला लागेल, दावणीला बांधून पाळायच्या तर एका शेळीमागं खर्च किती धरायचा, कुणी पाळत असेल तर सांगा.